स्क्रिप्ट म्हणते ‘पूर्ण’, फाइल निघते अर्धी

रात्री लावून ठेवलेली पायथनची स्क्रिप्ट सकाळी बघावी तर व्यवस्थित संपलेली असते. लॉगची शेवटची ओळ ‘सर्व फाइल्स उतरल्या’. फोल्डरमध्ये नावंही सगळी दिसतात. मग एखादा फोटो उघडावा, तर वरचा निम्मा भाग स्वच्छ आणि खाली आडवा राखाडी पट्टा. मोठी टिफ फाइल उघडतच नाही, किंवा उघडते आणि खालच्या बाजूला नुसते काळे चौकोन. झिप असेल तर फाइल खराब असल्याचा संदेश. ती एक फाइल पुसून स्क्रिप्ट पुन्हा चालवली की नीट येते. आणि काही दिवसांनी दुसऱ्याच फाइलचं तेच होतं.

रत्नागिरी-राजापूर भागात कातळशिल्पांच्या, म्हणजे सड्यावरच्या (उघड्या कातळाच्या पठारावरच्या) दगडात कोरलेल्या चित्रांच्या नोंदणीचं काम करणाऱ्यांना हे दुखणं वारंवार भेटतं, म्हणून सविस्तर लिहितोय. ड्रोनने काढलेले फोटो आणि त्यांतून जोडलेले मोठे नकाशे क्लाउडवर असतात आणि तिथून ते इथल्या संगणकावर आणायचे असतात. कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. तो एका फोटोत बारकाव्यासकट मावत नाही. शेकडो फोटो जोडून एक नकाशा तयार होतो आणि ती फाइल सहज दोन-तीन जीबीची होते. बारसू, देवाचे गोठणे, रुंढेतळी, उक्षी, सगळीकडे हीच गोष्ट. ही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा संभाव्य यादीत गेली आहेत, पण सड्यावरचं काम अजूनही गावातल्या मंडळींच्याच जिवावर चालतं.

आणि हे फोटो पुन्हा काढता येतीलच असं नसतं. पावसाळ्यात सड्यावर गवत माजतं, खाचांत माती भरते. गवत वाळलं, साफसफाई झाली, की सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खाचांची सावली पडते आणि तेवढ्या वेळातच चित्र नीट उठतं. जवळ चिरेखाण चालू असेल तर पुढच्या वर्षी तो कातळ तसाच असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून ‘एखादी फाइल बिघडली तर बिघडली’ असं इथे चालत नाही.

आधी आकार बघा

बिघडलेली फाइल सापडली की पुसण्याची घाई करू नका. पुसली की पुरावा जातो. आधी तिचा आकार बाइटमध्ये बघा आणि क्लाउडवरच्या आकाराशी ताडून बघा. एमबीमध्ये बघू नका, कारण ‘९ एमबी’ दोन्हीकडे लिहिलेलं असू शकतं.

तीन शक्यता असतात आणि तिघींची कारणं वेगळी आहेत.

इथला आकार कमी असेल, तर डाउनलोड मध्येच तुटला. समजा क्लाउडवर ९४,१७,३०६ बाइट आहेत आणि डिस्कवर ५२,४२,८८०. हा दुसरा आकडा म्हणजे १०,४८,५७६ गुणिले ५, बरोबर ५ एमबी. स्क्रिप्ट एकेक एमबीचे तुकडे लिहीत होती आणि पाचव्या तुकड्यानंतर थांबली, हे आकडाच सांगतो. फोटोचा खरा आकार असा गोल क्वचितच असतो. त्यामुळे असा आकडा दिसला की समजायचं.

इथला आकार जास्त असेल, तर अर्धी फाइल पुढे जोडताना घोटाळा झाला. त्याबद्दल खाली.

आकार अगदीच किरकोळ, म्हणजे काही केबीच असेल, तर ती फाइल फोटो नाहीच. नोटपॅडमध्ये उघडून बघा. आत वेबपानाचा मजकूर सापडेल. गूगल ड्राइव्हची शेअर केलेली लिंक थेट स्क्रिप्टला दिली आणि फाइल १०० एमबीपेक्षा मोठी असली, की ड्राइव्ह फाइलऐवजी ‘या फाइलची व्हायरस तपासणी करता येत नाही, तरी डाउनलोड करायची का?’ असं विचारणारं पान पाठवतं. माणूस बटण दाबतो. स्क्रिप्ट ते पानच ‘कशेळी.टिफ’ नावाने जपून ठेवते. यावर इंटरनेटवर पानातून बटणाची लिंक खरवडून काढायच्या युक्त्या मिळतात. त्या आज चालतात, उद्या बंद पडतात. त्यांच्या नादी न लागता ड्राइव्हच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामसाठी ठेवलेल्या अधिकृत वाटेने, फाइलच्या आयडीने मागणी करा. लॉगिनची मुदत संपल्यावरही असंच लॉगिनचं पान फाइल म्हणून येऊ शकतं. म्हणून उत्तर आल्याबरोबर त्याचा कॉन्टेन्ट-टाइप, म्हणजे आत कुठल्या प्रकारचा माल आहे ते सांगणारी नोंद, तपासावा. तिथे ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ असेल आणि तुम्ही फोटो मागितला असेल, तर एकही बाइट लिहू नये.

मूळ कारण: ‘फाइल आहे? मग पुढे चला’

दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट बघायला मिळतात, त्यांतल्या बहुतेकांत ही एक ओळ असते. त्या नावाची फाइल डिस्कवर असेल तर ती सोडून पुढच्या फाइलकडे जा. हेतू चांगला असतो, तीच फाइल रोज पुन्हा आणून डेटा का संपवायचा? पण दारावर पाटी लागली म्हणून घरात माणसं राहायला आली असं होत नाही. स्क्रिप्टने फाइल उघडली त्या क्षणीच ते नाव डिस्कवर तयार होतं, आत शून्य बाइट असताना. अर्ध्यावर लाईट गेली की नाव राहतं आणि आत अर्धाच माल. दुसऱ्या रात्री स्क्रिप्ट नाव बघते, ‘आहे’ म्हणते आणि पुढे जाते. तिसऱ्या रात्रीही. ती अर्धी फाइल आता कायमची ‘पूर्ण’ झाली.

म्हणूनच ही अडचण पुन्हा पुन्हा येते आणि म्हणूनच ‘पुसून परत चालवा’ हा उपाय त्या एका फाइलपुरताच लागू पडतो. मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की आपल्याकडे दिवसातून कितीदा लाईट जाईल ते सांगता येत नाही. इन्व्हर्टरवर संगणक राहिला तरी राउटर राहतोच असं नाही. लाईट जाणं काही आपल्या हातात नाही. पण ती गेल्यावर डिस्कवर काय उरतं ते आपल्या हातात आहे.

उपाय दोन भागांत आहे आणि दोन्ही भाग लागतात. पहिला: डाउनलोड चालू असताना फाइलला खरं नाव द्यायचंच नाही. ‘कशेळी.टिफ.पार्ट’ अशा तात्पुरत्या नावाने लिहायची, पूर्ण झाल्यावर तपासायची, आणि तपासणीत उतरली तरच नाव बदलून ‘कशेळी.टिफ’ करायचं. नाव बदलण्यासाठी पायथनमधलं ओएस.रिप्लेस वापरा. एकाच डिस्कवर ते एका झटक्यात होतं, अर्धवट नाव बदललं असं होत नाही. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवा. दुसऱ्या डिस्कवर ठेवली तर हे नाव बदलणं साधणार नाही.

दुसरा भाग: फाइल सोडून देण्याआधी नुसतं नाव बघायचं नाही, आकार आणि चेकसमही बघायचा. चेकसम म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटवरून काढलेला ठसा; आत काही बदललं की तोही बदलतो. मराठीत लिहून दाखवतो, पायथनमध्ये उतरवणं अवघड नाही:

    प्रत्येक फाइलसाठी:
        क्लाउडकडून तिचा आकार आणि चेकसम विचार
        जर खऱ्या नावाची फाइल आहे आणि आकार जुळतो आणि चेकसम जुळतो:
            पुढच्या फाइलकडे जा
        ‘.पार्ट’ नावाने उतरव (अर्धी असेल तर पुढून)
        आकार जुळत नाही: पार्ट ठेव, थोडं थांब, पुन्हा प्रयत्न कर
        चेकसम जुळत नाही: पार्ट पुसून टाक, सुरुवातीपासून आण
        दोन्ही जुळले: डिस्कवर पक्कं लिही, मग नाव बदल

‘डिस्कवर पक्कं लिही’ ही पायरी लोक गाळतात. फाइल लिहून बंद केली म्हणजे ती डिस्कवर उतरलीच असं नसतं. काही काळ ती मेमरीतच असू शकते. नेमकी त्याच वेळी लाईट गेली तर नाव खरं, आकार बरोबर आणि आत नुसती शून्यं, अशी फाइल हाती लागते. हा प्रकार ओळखायला सगळ्यात कठीण, कारण आकाराच्या तपासणीत तो पास होतो. म्हणून फाइल बंद करण्याआधी आधी फ्लश आणि मग ओएस.एफसिंक बोलवा आणि त्यानंतरच नाव बदला. दर फाइलमागे किंचित वेळ जातो, जाऊ द्या.

पायथनमध्ये डाउनलोडसाठी रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरणाऱ्यांनी आणखी एक बघून घ्यावं. तिच्या खाली यूआरएललिब३ नावाची लायब्ररी काम करते. तिच्या जुन्या १ क्रमांकाच्या आवृत्त्यांत जोडणी मध्येच तुटली तरी तुकडे वाचणारा लूप काही न बोलता संपायचा. ना एरर, ना इशारा. स्क्रिप्टला वाटायचं फाइल संपली. २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून, सर्व्हरने सांगितलेले बाइट आणि आलेले बाइट जुळले नाहीत तर एरर येते. कार्यालयातले जुने संगणक वर्षानुवर्षं अपडेट न होता चालू असतात, तिथे हे हमखास सापडतं. अपडेट करा, पण त्या भरवशावर आपली तपासणी काढून टाकू नका.

अर्ध्यावरून पुढे नेताना

दोन जीबीची फाइल १० एमबीपीएसच्या जोडणीवर साधारण २७ मिनिटांत येते. २ एमबीपीएसवर सव्वादोन तास लागतात. सव्वादोन तासांत एकदाही जोडणी तुटणार नाही अशी अपेक्षा सड्यालगतच्या गावात ठेवू नये. तेव्हा दर वेळी शून्यापासून सुरू करणं परवडत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे न्यावं लागतं.

त्यासाठी मागणीसोबत रेंज हेडर पाठवतात, ‘बाइट्स=५२४२८८०-’ असा, म्हणजे एवढे बाइट माझ्याकडे आहेत, पुढचे दे. गूगल ड्राइव्हचं एपीआय, अ‍ॅमेझॉनची एस३ ही साठवण सेवा, गूगल क्लाउड स्टोरेज, सगळ्यांना हे समजतं. पण उत्तराचा क्रमांक न बघता आलेला माल जोडत गेलात की गोंधळ होतो. उत्तर २०६ असेल तरच तो उरलेला भाग आहे, तोच फाइलच्या शेवटी जोडा. उत्तर २०० आलं तर सर्व्हरने तुमची विनंती बाजूला ठेवून पहिल्यापासून पूर्ण फाइल पाठवली आहे. ती शेवटी जोडली की अर्धी अधिक पूर्ण अशी दीडपट फाइल तयार होते. वर ‘आकार जास्त’ म्हटलं ते हेच. २०० आलं तर पार्ट फाइल रिकामी करून नव्याने लिहायची. ४१६ आलं तर तुम्ही मागितलेल्या जागेपुढे काही शिल्लकच नाही. बहुधा फाइल आधीच पूर्ण आली आहे आणि फक्त नाव बदलायचं राहिलं आहे. आकार आणि चेकसम तपासा आणि पुढे जा.

दोन रात्रींच्या मध्ये कुणी क्लाउडवरचा नकाशा सुधारून त्याच नावाने चढवला, तर? पहिला अर्धा भाग जुन्या नकाशाचा, उरलेला नव्याचा. म्हणून पार्ट फाइलसोबत एका छोट्या फाइलमध्ये क्लाउडवरचा ईटॅग (फाइलच्या त्या आवृत्तीची सर्व्हरने दिलेली खूण) किंवा चेकसम लिहून ठेवा. पुढच्या वेळी तो बदललेला दिसला तर पार्ट टाकून द्या.

न संपणारी स्क्रिप्ट

काही वेळा उलटं होतं. सकाळी बघावं तर स्क्रिप्ट अजून चालूच, तासन्‌तास एकाच फाइलवर. एरर नाही, हालचाल नाही.

याचं कारण आपल्याकडच्या जोडण्यांत आहे. खांबावरून आलेली फायबर केबल फांदी पडून तुटते, राउटर मोबाइल डेटावर जातो, फायबर जोडली की परत येतो. प्रत्येक वेळी बाहेरचा आयपी पत्ता बदलतो. जुनी जोडणी रीतसर बंद होत नाही, ती नुसतीच निपचित पडते. पलीकडचं कुणी बोलणार नाही हे स्क्रिप्टला कळायला मार्ग नसतो. आणि रिक्वेस्ट्स लायब्ररीत तुम्ही टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची मुदत, दिला नसेल, तर ती वाट बघतच राहते, तिला स्वतःची अशी मुदत नाही.

टाइमआउट दोन आकड्यांचा द्या, जोडणी लागायला १० सेकंद आणि वाचताना ६० सेकंद. हा दुसरा आकडा पूर्ण फाइलसाठी नसतो, तर बाइट येणं किती वेळ थांबलं तर नाद सोडायचा, यासाठी असतो. त्यामुळे फाइल दोन तास चालली तरी ६० सेकंदांचा आकडा तिला मध्येच तोडत नाही. ही शंका लोकांना येते आणि मग ते टाइमआउट तासाभराचा करून ठेवतात. तसं करू नका.

टाइमआउट झाला की पुन्हा प्रयत्न. मात्र लगेच नाही: आधी १ सेकंद थांबा, मग २, ४, ८, असं ६४ सेकंदांपर्यंत नेत जा आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा. ४२९, ५००, ५०२, ५०३, ५०४ ही तात्पुरत्या अडचणीची उत्तरं आली तर प्रयत्न चालू ठेवायचा. ४०१ (लॉगिन मान्य नाही) किंवा ४०४ (फाइल सापडत नाही) आलं तर पुन्हा पुन्हा मागून काही मिळणार नाही, लॉगमध्ये लिहून थांबायचं. ४०३ आलं तर सोबतचा मजकूर वाचा, कारण ड्राइव्ह कधी कधी ‘फार वेगाने मागताय’ हेसुद्धा ४०३ नेच सांगतं.

ड्राइव्हचे १०० एमबीचे तुकडे

गूगलची स्वतःची पायथन लायब्ररी वापरणाऱ्यांची एक वेगळी तक्रार असते: ‘टक्केवारी शून्यावरून हलतच नाही.’ त्या लायब्ररीचा डाउनलोडर फाइल तुकड्यातुकड्याने आणतो आणि तुकड्याचा आकार आपण सांगितला नाही तर तो १०० एमबी धरतो. तुकडा पूर्ण हाती आल्याशिवाय त्यातलं काही डिस्कवर जात नाही. २ एमबीपीएसवर १०० एमबीला ६ मिनिटं ४० सेकंद लागतात. जोडणी दर पाच मिनिटांनी हेलकावे खात असेल, तर पहिला तुकडाच कधी पूर्ण होणार नाही. डेटा मात्र जात राहील. त्यात पुन्हा प्रयत्नांची संख्या मुळात शून्य ठेवलेली आहे, म्हणजे एकदा तुटलं की थेट एरर.

तुकड्याचा आकार ४ ते ८ एमबी करा आणि पुढचा तुकडा मागताना प्रयत्नांची संख्या ५ द्या. दोनच बदल आहेत, पण खेड्यातल्या जोडणीवर सगळ्यात जास्त फरक याच दोन बदलांनी पडतो. पुण्या-मुंबईच्या वेगावर लिहिलेली स्क्रिप्ट इथे जशीच्या तशी चालवली जाते, तेव्हा हेच नेमकं नजरेतून सुटतं.

एस३ च्या बोटो३ लायब्ररीचं वागणं वेगळं. ती मुळातच तात्पुरत्या नावाने लिहिते आणि शेवटी नाव बदलते, त्यामुळे खऱ्या नावाखाली अर्धी फाइल सहसा सापडत नाही. पण लाईट गेली तर ती तात्पुरती फाइल तशीच पडून राहते, पुढच्या वेळी उपयोगात येत नाही, आणि विचित्र शेपटीच्या अशा फाइल्स साचून डिस्क भरते. ‘डिस्कवर जागा नाही’ अशी एरर आली तर फोल्डरमध्ये आधी या शोधा.

चेकसम कुठला धरायचा

ड्राइव्ह प्रत्येक साध्या फाइलचा एमडी५ हा चेकसम देतं, मागणीत ते क्षेत्र मागायला विसरू नका. तो पायथनच्या हॅशलिबने काढलेल्या एमडी५शी थेट जुळतो. गूगल डॉक्स आणि शीट्सना तो नसतो. त्या तशा डाउनलोडही होत नाहीत, एक्सपोर्ट कराव्या लागतात आणि एक्सपोर्टला १० एमबीची मर्यादा आहे. सर्वेक्षणाचे तक्ते शीट्समध्ये असतील तर त्यांच्यासाठी स्क्रिप्टमध्ये वेगळी वाट ठेवा.

एस३ मध्ये ईटॅग एमडी५सारखा दिसतो, पण नेहमी तसा नसतो. फाइल तुकड्यांत चढवली असेल तर ईटॅगच्या शेवटी आडवी रेघ आणि तुकड्यांची संख्या असते. बोटो३ ८ एमबीपासूनच तुकडे करते, म्हणजे २ जीबीच्या नकाशाच्या ईटॅगला ‘-२५६’ अशी शेपटी दिसेल. तो फाइलच्या एमडी५शी जुळणार नाही, आणि न जुळल्यामुळे चांगली फाइल पुन्हा पुन्हा डाउनलोड करणारी स्क्रिप्टही मी पाहिली आहे. सरळ मार्ग असा, की चढवणाऱ्यानेच चढवण्याआधी प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हा चेकसम काढून एका मजकूर फाइलमध्ये लिहावा आणि ती यादीही सोबत चढवावी. यात आणखी एक फायदा आहे: ड्रोनच्या कार्डावरून लॅपटॉपवर घेतानाच फाइल बिघडली असेल तर तेही कळतं.

लाईट आल्यानंतरची एरर

रात्री लाईट जाऊन आली, संगणक आपोआप चालू झाला, आणि त्यानंतरच्या सगळ्या मागण्या नाकारल्या गेल्या. प्रमाणपत्राची एरर, किंवा एस३ कडून ‘तुमच्या आणि आमच्या वेळेत फार फरक आहे’ असा संदेश. पासवर्ड तपासून, किल्ल्या बदलून लोक हैराण होतात. आधी संगणकावरची तारीख बघा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, संपली असेल तर वीज पूर्ण गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. एस३ १५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. मागच्या तारखेत सर्व्हरचं प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ असं ठरतं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्क्रिप्ट ठेवली असेल तर पाचव्या आवृत्तीच्या आधीच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही, तो नेट लागल्यावरच वेळ विचारून घेतो. म्हणून स्क्रिप्ट सुरू होतानाच वेळ नेटवरून जुळली आहे का ते तपासा, जुळली नसेल तर थांबा. बॅटरी बदलणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

दर सात दिवसांनी बरोब्बर बंद पडत असेल तर लाईट किंवा नेटचा काही संबंध नाही. गूगल क्लाउडमध्ये तुमचा प्रकल्प ‘टेस्टिंग’ अवस्थेत ठेवला असेल, तर ड्राइव्हसाठी घेतलेलं रिफ्रेश टोकन, म्हणजे पुन्हा लॉगिन न करता परवानगी चालू ठेवणारी किल्ली, ७ दिवसांत बाद होतं. एकतर प्रकल्प प्रकाशित अवस्थेत न्या, नाहीतर सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामसाठी काढलेलं खातं) वापरा आणि ड्राइव्हमधलं फोल्डर त्या अकाउंटच्या ईमेलशी शेअर करा. तसंच एस३ ची सही केलेली (ठरावीक मुदतीपुरती परवानगी असलेली) लिंक जास्तीत जास्त ७ दिवस चालते, आणि तात्पुरत्या किल्लीने बनवली असेल तर किल्लीबरोबरच संपते. मुदत संपण्याआधी सुरू झालेला डाउनलोड पूर्ण होऊ शकतो. पण मुदतीनंतर तो तुटला, तर पुढचा भाग त्याच लिंकवर मिळत नाही. तासाभराची लिंक आणि सव्वादोन तासांची फाइल, हे गणित आधीच मांडून ठेवलेलं बरं.

काही फाइल्स येतच नाहीत

एका उड्डाणात तीनशे फोटो काढले आणि स्क्रिप्टने नेमके १०० आणले, तर यादीचं पहिलंच पान वाचलं गेलं आहे. ड्राइव्ह एका वेळी १०० नावं देतं, मागितल्यास हजारपर्यंत. एस३ जास्तीत जास्त हजार देतं. प्रत्येक उत्तरासोबत पुढच्या पानाची खूण, म्हणजे टोकन, येते; ते येणं थांबेपर्यंत मागत राहा. ड्राइव्हमध्ये कुठली क्षेत्रं हवीत ते लिहिताना या टोकनाचंही नाव लिहावं लागतं, नाहीतर ते येतच नाही आणि स्क्रिप्टला वाटतं यादी संपली.

उलट, फोटो आले पण मोजल्यावर कमी भरले, तर नावं तपासा. ड्रोन नवीन कार्डावर पुन्हा ०००१ पासून नाव देऊ शकतो. बारसूच्या फोल्डरमध्येही ०००१, देवीहसोळच्या फोल्डरमध्येही ०००१. स्क्रिप्टने सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलं तर नंतरचा फोटो आधीच्यावर बसतो. ड्राइव्हमध्ये तर एकाच फोल्डरमध्येही एका नावाच्या दोन फाइल्स राहू शकतात. फोल्डरची रचना इकडे जशीच्या तशी ठेवा आणि हिशेब फाइलच्या आयडीवर करा, नावावर नको.

नकाशा पेन ड्राइव्हवर घेऊन कुणाला द्यायचा असेल आणि तो ४ जीबीच्या पुढचा असेल, तर एफएटी३२ पेन ड्राइव्हवर तो बसणारच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

आधी आलेल्या फाइल्स

स्क्रिप्ट दुरुस्त केल्यावर पुढच्या फाइल्स नीट येतील. गेल्या हंगामात आलेल्या अर्ध्या फाइल्स मात्र अजून तुमच्या डिस्कवर खऱ्या नावाने बसलेल्या आहेत आणि त्या कुणी उघडून बघितलेल्या नाहीत. म्हणून दुरुस्त स्क्रिप्ट एकदा पूर्ण जुन्या संग्रहावरून फिरवा, फक्त तपासणीसाठी, काही न पुसता. ज्यांचा आकार किंवा चेकसम जुळत नाही त्यांची यादी फाइलमध्ये काढा. त्या यादीतल्या फाइल्स क्लाउडवर अजून शाबूत असतील तर पुन्हा आणा. क्लाउडवरची जागा मोकळी करायला कुणी मूळ फाइल्स काढून टाकल्या असतील, तर ड्रोन उडवणाऱ्याकडे कार्ड अजून तसंच आहे का ते आजच विचारा. ड्राइव्हच्या बिनमध्ये पुसलेली फाइल ३० दिवस राहते, तिथेही बघा. ही यादी रिकामी होईपर्यंत क्लाउडवरचं काही पुसू नका आणि कुणालाही कार्ड फॉरमॅट करू देऊ नका.